सांकव, बांध आणि बोर्डवॉक

गेल्या काही वर्षांत एक नवीन शब्द आपल्याकडे रुळला आहे: बोर्डवॉक. पणजीत पाटोजवळ, उरेंच्या खाडीकाठच्या खारफुटीतून स्मार्ट सिटी योजनेखाली बोर्डवॉक झाला, आणि तेव्हापासून जिथे म्हणून थोडेसे पाणी, थोडासा चिखल आणि चार बगळे असतील तिथे बोर्डवॉक हवा अशी मागणी ऐकू येते. पंचायतीच्या बैठकीत हा शब्द येतो, पर्यटन खात्याच्या पत्रकात येतो, आमदारांच्या भाषणातही येतो. शब्द इंग्रजी असल्यामुळे वस्तूही परदेशातून आली असावी असा आपला समज होतो. पण वाचकहो, चिखलावर फळी टाकून पलीकडे जायला माणूस फार पूर्वी शिकला, आणि गोव्याचा माणूस तर या विद्येतला जुना जाणकार.

आपल्याकडे तिला नावही आहे. सांकव. महाराष्ट्रातले लोक साकव म्हणतात. ओहोळावर टाकलेला माडाचा ओंडका, किंवा दोन पोफळी शेजारी शेजारी बांधून केलेली वाट, हा सांकव. संस्कृतातल्या 'संक्रम' या शब्दाशी त्याचे नाते लावतात आणि ते पटण्यासारखे आहे, कारण संक्रम म्हणजेच ओलांडणे, पलीकडे जाणे. संक्रांतीत सूर्य ओलांडतो, सांकवावरून आपण ओलांडतो. सांकवावर उभे राहून कोणी पक्षी बघत नसे. त्याचे काम एवढेच की डोक्यावरचा भाताचा भारा पाण्यात पडू नये.

जगातला जो सर्वांत प्रसिद्ध जुना सांकव आहे, तो इंग्लंडात सापडला. सॉमरसेट परगण्यात दलदलीतला पीट खणताना १९७० साली रे स्वीट नावाच्या कामगाराला एक फळी लागली. पुढे उत्खनन झाले आणि जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची लाकडी वाट निघाली. तिला त्याच्याच नावाने 'स्वीट ट्रॅक' म्हणतात. लाकडातल्या वर्तुळांवरून काळ काढला तो इ.स.पूर्व ३८०७-०६ असा, म्हणजे कोणत्या हिवाळ्यात झाडे तोडली इथपर्यंत नेमका. रचना अगदी साधी. चिखलात खुंट तिरपे मारून त्यांची फुली करायची आणि त्या फुल्यांवर ओकाच्या फळ्या ठेवायच्या. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी रुंदी. ही वाट जेमतेम दहा वर्षे वापरात असावी, नंतर दलदलीने ती गिळली आणि गिळली म्हणूनच ती टिकली. सहा हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना एक गोष्ट कळली होती, जी आपल्या ठेकेदारांना सांगावी लागते: दलदलीत भर घालून रस्ता करायचा नसतो, दलदलीच्या वरून जायचे असते. खालून पाणी वाहिले पाहिजे.

आता गोव्याकडे येऊ.

तिसवाडी हे मुळात बेट. मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी यांनी वेढलेले. चोडण आणि दिवाडी ही त्याची शेजारची बेटे. या बेटांच्या कडेचा चिखल हा आपल्या इतिहासातला एक गप्प पण महत्त्वाचा भागीदार आहे. १४७२ साली बीदरहून बहामनींचा वजीर महमूद गवान गोव्यावर आला, १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्क आला, आदिलशाही फौजा त्याच वर्षी मे महिन्याच्या पावसात पाणी ओलांडून बेटावर उतरल्या आणि नोव्हेंबरात आल्बुकेर्क पुन्हा आला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता. हा चिखल ओलांडायचा कुठून? ओहोटीला जिथे पाय टेकतो अशा जागा मोजक्या होत्या आणि पोर्तुगीजांनी त्या जागांना 'पासो' म्हणजे वाट असे नाव देऊन तिथे पहारे बसवले. बाणास्तरी, नार्वे, गवंडाळी ही त्यातली नावे. एका पासोचे तर नावच 'पासो सेको', कोरडी वाट. ज्याच्या ताब्यात कोरडी वाट त्याच्या ताब्यात बेट. या पाण्यात सुसरी मुद्दाम सोडल्या होत्या, अशी दंतकथाही आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुसरी असोत वा नसोत, चिखल हाच खरा तट होता.

पण या चिखलाकडे तट म्हणून न पाहता शेत म्हणून पाहणारी माणसे पोर्तुगीजांच्या फार आधीपासून इथे होती. खाजन म्हणजे काय हे गोव्याच्या वाचकाला सांगायला नको, पण नव्या पिढीला सांगायला हवे, कारण तिने बांधावरून चालण्याऐवजी मोटारसायकलवरून बांध पाहिला आहे. भरतीचे खारे पाणी जिथे येते त्या जमिनीभोवती चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा बांध घालायचा. बांधात मानस बसवायची. मानशीची दारे लाकडाची, आणि ती कोणी उघडबंद करत बसत नाही; भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. आत पावसाळ्यात भात, सखल जागी पोंय, पोंयीत मासे, आणि मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन माणसाने भरती-ओहोटीशी करार करून मिळवली. तिची देखभाल गांवकरीकडे, म्हणजे पुढच्या कोमुनिदादीकडे, आणि शेतकऱ्यांच्या भौसांकडे असे. या गांवकरीचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात लिहून घेतले तेव्हा ते आधीच जुने झाले होते.

आणि हा बांध हीच आपली मूळची पायवाट! एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मधून दोन हात रुंद वाट. गावातून गावात जायचे ते बांधावरून. जिथे मानस, तिथे सांकव. पाणथळीतून जाणारी, निसर्गाला धक्का न लावणारी, पक्ष्यांच्या उंचीवरून जाणारी, अशी जी वर्णने आजच्या प्रकल्पाच्या अहवालात वाचायला मिळतात ती सगळी या बांधाला लागू होती. फरक इतकाच की बांधावरून चालणारा माणूस चालता चालता बांध तपासत असे. खेकड्याने भोक पाडले आहे का, पाणी झिरपते आहे का, कुठे माती खचली आहे का. चालणे हाच देखरेखीचा भाग होता. बोरी आणि दुर्भाटकडचे शेतकरी पौष अमावास्येला 'मांगे थापणी' करतात, बांधाजवळच्या चिखलाची सुसर थापून तिची पूजा करतात. बांधाची राखणदार म्हणून. जी सुसर दंतकथेत शत्रूला अडवते तीच इथे शेताची राखण करते. असो.

याच चिखलावर १६३३-३४ साली एक वेगळ्याच जातीची वाट आली. लिन्यारिसचा कोंद, दोम मिगेल द नोरोन्य, १६२९ ते १६३५ या काळात गोव्याचा विजरई होता. त्याने पणजी आणि रायबंदर यांच्यामध्ये, मिठागरे आणि खारफुटी यांच्यामधून, तीन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा चिऱ्यांचा सेतू बांधून घेतला. तोच 'पोंत द लिन्यारिस'. आजही आपण पणजीहून जुन्या गोव्याला जाताना त्यावरून जातो आणि पूल ओलांडतो आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही, कारण तो दिसतो रस्त्यासारखा. खाली कमानी आहेत. त्या कमानींतून भरतीचे पाणी मिठागरांकडे जाते आणि परत येते. बांधणाऱ्यांनी कमानी ठेवल्या म्हणून मागची मिठागरे जगली. सरळ भराव घातला असता तर मागचा सगळा भाग पहिल्या दहा-वीस वर्षांतच सडला किंवा सुकला असता. सतराव्या शतकात 'पर्यावरण' हा शब्द नव्हता, पण मीठ विकले जात होते, आणि मिठाला पाणी लागते हे सगळ्यांना ठाऊक होते.

या सेतूने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्याआधी पणजी म्हणजे आदिलशहाचा जुना वाडा, थोडी कोळ्यांची वस्ती, माड आणि चिखल. राजधानीहून पणजीला यायचे तर होडीने. सेतू झाला आणि पणजी पायी अंतरावर आली. जुन्या गोव्यात रोगराई वाढली तेव्हा विजरई आधी पणेलीला सरकला आणि १७५९ साली पणजीच्या वाड्यात राहायला आला. १८२७ ते १८३५ या काळात दोम मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने पणजीतल्या दलदली बुजवून रस्ते आखले. १८४३ साली पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने अधिकृत राजधानी झाली. सेतूमुळेच हे सगळे झाले असे मी म्हणणार नाही. साथी, व्यापाराची पडझड, बंदराची सोय अशी इतर कारणे आहेत. पण चिखलातून पक्की वाट गेली की वाटेच्या टोकाला गाव वाढते, आणि गाव वाढले की त्याला चिखल नकोसा होतो, हा क्रम पणजीच्या पोटात लिहिलेला आहे. आज आपण ज्या रस्त्यांवर गाड्या लावायला जागा शोधतो त्यातले कित्येक एके काळी भरतीला पाण्याखाली जात.

म्हणून बोर्डवॉकचा विषय निघाला की माझ्या डोक्यात आधी लिन्यारिस येतो, मग पक्षी.

पक्ष्यांकडे येऊ. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला फेरीने गेले की बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. सालिम अली २० जून १९८७ रोजी वारले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ साली, हे अभयारण्य जाहीर झाले. नुसते नाव दिले असे नाही. त्यांचा गोव्याशी खरा संबंध होता. गोव्याच्या पक्ष्यांवर रॉबर्ट ग्रब यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख १९७६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. अभयारण्य केवढे? १.७८ चौरस किलोमीटर. देशातल्या छोट्या अभयारण्यांपैकी एक. आत कांदळ, तिवर, चिपी. खाली चिखलात निवट्या आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले खेकडे. पाण्यात ऊद, आणि नशीब असेल तर सुसर. मधून पायवाट आणि एक निरीक्षण मनोरा.

या पायवाटेची मजा तिच्या अरुंदपणात आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचे. मोठा गट आला की पक्षी उडतात, मग गटाला काही दिसत नाही आणि गट पुन्हा येत नाही. ही व्यवस्था कोणी आखली असेल वा नसेल, पण ती चालते. २०२५ साली रायबंदर-चोडण मार्गावर मोठ्या रो-रो फेऱ्या आल्या. चोडणच्या लोकांची ती फार मोठी सोय झाली, त्यांनी तासन्‌तास रांगेत काढली आहेत. पण त्याच फेरीतून पर्यटकांच्या गाड्याही येणार, आणि मग 'ही वाट जरा रुंद करा' असा अर्ज आज ना उद्या येणारच.

वाट रुंद झाली तर काय होते? खारफुटीची मुळे चिखलातून वर येतात, पेन्सिली उभ्या ठेवाव्यात तशी. तिवराची ही मुळे श्वास घेतात, कारण खालच्या चिखलात प्राणवायू जवळपास नाही. त्यांच्यावर पाय पडला तर ती मोडतात आणि माती दाबली गेली तर नवी येत नाहीत. म्हणून जमिनीवरून चालण्यापेक्षा खांबांवरची फळ्यांची वाट केव्हाही बरी. पण तिचेही हिशेब आहेत. मांडवीत भरती-ओहोटीतले अंतर सुमारे दोन मीटर, म्हणजे वाट उधाणाच्या भरतीच्याही वर हवी. फळ्यांमध्ये फट हवी, नाहीतर खाली ऊन पोचत नाही आणि रोपे रुजत नाहीत. लाकूड वापरावे तर खाऱ्या पाण्यातले किडे ते पोखरतात; सिमेंट वापरावे तर बांधकामाचे यंत्र आत नेण्यासाठीच जितकी खारफुटी कापावी लागते तितकी पुढच्या पन्नास वर्षांत पर्यटकांनी तुडवली नसती.

जपानमध्ये ओझे नावाची डोंगरातली मोठी दलदल आहे. १९४९ साली तिच्यावरचे एक गाणे रेडिओवर लागले आणि ते इतके लोकप्रिय झाले की सारा देश ओझे पाहायला निघाला. गाणे ऐकून गोव्याला येणाऱ्यांचा अनुभव आपल्यालाही आहेच! १९५० च्या दशकात तिथल्या अयामेदाइरा नावाच्या पठारावरची दलदल पायांनी तुडवून उजाड झाली. मग फळ्यांच्या वाटा वाढवल्या आणि उजाड भागाचे पुनरुज्जीवन १९६० च्या दशकात हाती घेतले. दलदलीचा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो, त्यामुळे ते काम पिढ्यान्‌पिढ्यांचे झाले. १९७२ पासून तिथे कचराकुंड्याच काढून टाकल्या, आपला कचरा आपण घरी न्यायचा. लाकडी फळ्या दहाएक वर्षांत कुजतात आणि बदलतात. बदलण्याचा खर्च धरूनच तिथे वाट बांधलेली असते. आपल्याकडे उद्‌घाटनाचा खर्च धरलेला असतो, फळी बदलण्याचा नसतो.

शेजारचे उदाहरण घ्यायचे तर कारवारच्या पुढे, होन्नावरला शरावतीच्या काठी कर्नाटकाच्या वन खात्याने लाकडी बोर्डवॉक केला आहे. गोव्यातले बरेच जण तिथे जाऊन फोटो काढून येतात. त्याचे नाव 'शरावती कांदळा'. कन्नडमध्येही खारफुटीला कांदळाच म्हणतात हे पाहून बरे वाटते. किनारा एक असला की शब्दही भरतीसारखे इकडून तिकडे जातात.

कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०१९ च्या अधिसूचनेत खारफुटीचा समावेश सर्वांत संवेदनशील वर्गात आहे, पण त्याच वर्गात 'खारफुटीतील पायवाटा, झाडांवरील झोपड्या, निसर्गवाटा' यांना मान्यताप्राप्त किनारी आराखड्यात दाखवले असल्यास परवानगी आहे. उलट गोड्या पाण्याच्या तळ्यांना लागू होणारे २०१७ चे पाणथळ नियम सांगतात की उच्च पूररेषेपासून ५० मीटरांच्या आत होडीचा धक्का सोडून कोणतेही कायम स्वरूपाचे बांधकाम नको. म्हणजे खाडीत झाडावर झोपडी चालेल, तळ्याकाठी पक्का बाक चालणार नाही. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत गेले, गोव्यातले पहिले, ४२ हेक्टरांचे. तिथेही सुशोभीकरणाच्या गोष्टी निघतीलच. ते तळे भातशेती आणि मासेमारी यांच्यामुळे तळे राहिले आहे. त्याला कठडे नसले म्हणून काही बिघडलेले नाही.

आता या विषयातली सगळ्यात अवघड गाठ. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही की खारे पाणी शेतात शिरते. वर्ष-दोन वर्षांत तिथे खारफुटी रुजते. खारफुटी रुजली की ती कायद्याने संरक्षित, तिला हात लावता येत नाही. शेतकरी म्हणतो, माझे शेत गेले. निसर्गप्रेमी म्हणतो, जंगल आले. दोघेही खरे बोलतात. सरकारी वनअहवालात गोव्यातली खारफुटी २०२१ साली २७ चौरस किलोमीटर दाखवली आहे आणि ती वाढली की आपण टाळ्या वाजवतो. त्यातली किती कोणाच्या फुटलेल्या बांधामागे उगवली हे त्या आकड्यात दिसत नाही. बांध फुटण्याचीही कारणे आहेत: कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे गेली आणि अनेक ठिकाणी मध्येच लोंबकळली, खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी कडा खचल्या, मासे जास्त मिळावेत म्हणून काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले गेले, आणि शेतीत पोट भरत नाही म्हणून पोरे बोटीवर गेली.

अशा फुटलेल्या खाजनावर आलेल्या खारफुटीतून जेव्हा पर्यटकांसाठी वाट काढायची टूम निघते, तेव्हा त्या वाटेवरच्या फलकावर काय लिहायचे? झाडांची शास्त्रीय नावे सगळीकडे लिहितात. इथे एके काळी कोरगुट पिकत असे, मानस इथे होती, तिचा लिलाव गावात होत असे, हे लिहिलेला फलक माझ्या तरी पाहण्यात नाही.

माझे मत विचाराल तर, गोव्यात पाणथळीतून नवीन वाट काढण्याआधी जुना बांध शोधावा. बहुतेक ठिकाणी तो असतोच, अर्धा खचलेला, झुडपात हरवलेला. बोर्डवॉकसाठी जो निधी येतो त्यातून तो चिखल-पेंढ्याने नीट बांधावा, मानशीला नवी दारे बसवावीत, आणि जिथे बांध पूर्ण गेला आहे तेवढ्याच टप्प्यात खांबांवर फळ्या टाकाव्यात. पर्यटक चालेल, शेतकरीही चालेल. तिकिटाचे पैसे भौसाकडे जावेत. असे बांध बांधणारी कसबी माणसे अजून काही गावांत आहेत, पण ती साठीच्या पुढची आहेत. ती असेतोवरच हे काम होऊ शकते. नंतर निविदा काढावी लागेल आणि निविदेत 'चिखल' या मालाला दर नसतो.